बडनेऱ्याहून गाविलगडास: एका दिवसाचा बेत

येत्या डिसेंबरात गाविलगडास जावयाचे, तेही एका दिवसात आणि केवळ सार्वजनिक वाहनाने, असा ठराव आमच्या बडनेऱ्याच्या स्नेहीमंडळीत झाला, तेव्हा कामांची वाटणी रिवाजाप्रमाणे झाली. वेळापत्रकाची चौकशी एकाकडे, फराळाची दुसऱ्याकडे, वर्गणीची तिसऱ्याकडे, आणि ज्यास ह्यांपैकी काहीच येत नाही अशा आमच्याकडे इतिहास सांगण्याचे काम आले. मंडळी एकोणीस, सर्वांत लहान मुलगा नऊ वर्षांचा, सर्वांत वडील बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गडाविषयी काय सांगावे म्हणून १८०३ सालच्या वेढ्याची हकीगत पुन्हा काढली. शेजारीच आगारातून उतरवून आणलेला गाड्यांच्या वेळांचा कागद पडला होता. दोन्ही एकदम वाचता वाचता आम्हांस असे दिसून आले की ह्या दोन कागदांत एकच प्रश्न आहे: कोणत्या वाटेने जावयाचे, किती वेळात, आणि ओझे कोण वाहणार? आणि हाही भास झाला की आजवर ही हकीगत आम्ही चुकीच्या टोकाकडून सांगत आलो.

प्रथम वाटेचा इतिहास. बडनेऱ्याचे महत्त्व रेल्वेने आले, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. पुढे भुसावळकडून हा रस्ता वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून सरकत आला आणि १८६७ साली नागपुरास पोचला. कापसाची मोठी पेठ अमरावतीची. परंतु मुख्य रस्ता गेला बडनेऱ्यावरून, आणि अमरावतीस नंतर दहा किलोमीटरचा फाटा काढावा लागला. त्यामुळे अमरावतीकरास दूरदेशी जावयाचे तर आधी बडनेऱ्यास यावे लागे. आम्हां बडनेरकरांस मात्र डोंगराकडे जावयाचे तर उलट आधी अमरावतीस जावे लागते. कापसास मुंबईची घाई होती, मेळघाटची नव्हती; रेल्वेच्या रुळांनी ती घाई तेवढी ओळखली.

रेल्वेपूर्वी वऱ्हाडातली माणसे डोंगराच्या पायथ्याशी जात नसत असे मात्र नाही. बहिरमच्या यात्रेस पौषात गावेच्या गावे लोटत. मुक्तागिरीस जैन यात्रेकरू जात. पण तो प्रवास दमण्या-छकड्यांचा. बैलांच्या चालीने जावयाचे, वाटेत मुक्काम करावयाचे, चूल तेथेच मांडावयाची. "सकाळी जाऊन रात्री परत" ही कल्पनाच त्या प्रवासात नव्हती, आणि म्हणून म्हातारी माणसे मागे ठेवण्याचा प्रश्नही नव्हता. छकड्यात आजीची जागा ठरलेली असे. एका दिवसाची सामुदायिक सहल ही यंत्रयुगाची अपत्य आहे. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक नावाच्या इंग्रज गृहस्थाने लेस्टरहून लफबरोस सुमारे पाचशे माणसे माणशी एक शिलिंग घेऊन एकाच दिवशी नेऊन आणली, ती दारूबंदीच्या सभेसाठी. १८५७ साली लंडनमध्ये आल्प्स चढणाऱ्या मोजक्या सुखवस्तू गृहस्थांचे मंडळ निघाले होते. तिकडे १८६३ साली हाच कुक सामान्य नोकरदार मंडळीस घेऊन स्वित्झर्लंडात उतरला. बर्फाची शिखरे आपली खाजगी मालमत्ता समजणाऱ्या काही मंडळींनी नाके मुरडली. आमच्या मते त्या दोघांत कुकचे काम अधिक अवघड होते. एकट्याने शिखर चढण्यास छाती लागते. पन्नासांस नेऊन पन्नास परत आणण्यास घड्याळ, कागद आणि सोशिकपणा लागतो.

आमच्या बाजूसही डोंगराच्या दिशेने एक आगगाडी धावू लागली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मूर्तिजापूरहून अचलपुरास अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. हीच पुढे लोकांच्या तोंडी 'शकुंतला' झाली. रस्ता एका विलायती कंपनीच्या मालकीचा, इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले. १९९४ पर्यंत ते कोळशावर चालले, मग डिझेलचे आले. कापूस वाहण्यासाठी ती होती. माणसे तीत सोयीने बसत, आणि तीही त्यांस आपल्या सोयीने नेई. अचलपुरापर्यंत चारएक तास लागत. बडनेऱ्याचा प्रवासी आधी पश्चिमेस मूर्तिजापुरास जाणार, तेथून पुन्हा उत्तरेस वळणार. तेव्हा त्या गाडीने गाविलगड एका दिवसात होणे शक्यच नव्हते. आता ती गाडी धावत नाही. डोंगर एका दिवसाच्या टप्प्यात आणला तो मोटारीने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर जी सरकारी एस.टी. सुरू झाली, तिचे जाळे पुढे वऱ्हाडातही पसरले, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणे पगारदार कुटुंबाच्या खिशास झेपू लागले.

ह्या परतवाड्याविषयी जाता जाता एक गोष्ट. दुर्गभ्रमणाचे वेड मराठी घराघरांत नेणारे गो. नी. दांडेकर ह्यांचा जन्म १९१६ साली तेथलाच. डोंगर ज्यांच्या जन्मगावाच्या माथ्यावर उभा, त्यांची लेखणी पुढे रमली ती मुख्यतः सह्याद्रीच्या गडांवर. ह्यात त्यांस दोष नाही. शिवछत्रपतींच्या स्पर्शाने जे गड पावन झाले त्यांच्याकडे मराठी मन ओढले जाणारच. गाविलगडाच्या वाट्यास तो स्पर्श आला नाही, आणि म्हणून वऱ्हाडचा माणूससुद्धा रायगडाचे बुरूज मोजून येतो पण आपल्या घराच्या उत्तरेस काय उभे आहे हे त्यास सांगता येत नाही.

तेथे उभे आहे ते थोडक्यात असे. नावावरून गड मूळ गवळ्यांचा असावा असे मानतात. दगडी किल्ला बांधविला तो बहमनी सुलतान अहमदशहा वली ह्याने, १४२५ साली. १४८८ साली फत्तेउल्ला इमादउल्मुल्क ह्याने त्याची दुरुस्ती केली. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक तो हाच. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे हा जन्माने विजयनगरच्या बाजूचा ब्राह्मण. लहानपणी युद्धात पकडला गेला आणि मुसलमान म्हणून वाढला. गडाच्या शार्दूल दरवाजावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आणि हत्तींस धरलेले शार्दूल कोरलेले आहेत. कर्नाटकाच्या राजचिन्हांत रमणारी ही आकृती सातपुड्याच्या माथ्यावर कशी आली, ह्याचे उत्तर त्या पोराच्या आठवणीत शोधावे असे आम्हांस नेहमी वाटते. पुरावा मागाल तर दरवाजाकडे बोट दाखविण्यापलीकडे आमच्यापाशी काही नाही. पुढे निजामशाही आली, मोगल आले, अठराव्या शतकात गड नागपूरकर भोसल्यांकडे गेला.

आता १८०३. २९ नोव्हेंबर रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला; आघाडीवर त्यांचे बंधू व्यंकोजी होते. समोर होता आर्थर वेलस्ली, वय वर्षे चौतीस. पुढे वॉटर्लूमुळे जगास माहीत झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. पळालेल्या कवायती पायदळाचा मोठा भाग गाविलगडावर गेला. किल्लेदार बेनीसिंग नावाचा रजपूत. शिबंदी भरपूर, हाती कंपनीच्याच नव्या बंदुका व संगिनी. ५ डिसेंबरास वेलस्ली अचलपुरास आला आणि गडाकडे पाहत त्याने जो हिशेब केला, तो त्याच्या १५ डिसेंबरच्या खलित्यात मुद्देसूद दिलेला आहे.

गडास तीन वाटा. दक्षिणेची वाट जवळची, पण अति लांब व उभ्या चढाची. माणसे चढतील, तोफा नाही. वायव्येची वाट शिबंदीच्या रोजच्या वापराची. पण ती गडाच्या पश्चिम अंगाने, तटावरच्या माऱ्याखालून जाते आणि इतकी अरुंद की दोन्ही बाजूंस तासलेला खडक. तिसरी उत्तरेची, लबाडा नावाच्या गावाकडून. तेथे पठार आणि गड एका पातळीत येतात, चढ असा उरतच नाही. मात्र लबाड्यास पोचण्यास अचलपुराहून डोंगरांतून सुमारे तीस मैलांचा फेरा, आणि तोफा जातील असा रस्ताच नाही.

लांबची वाट निवडली गेली. ती कर्नल स्टीव्हन्सनच्या वाट्यास आली. ६ डिसेंबरास डोंगराच्या तोंडाशी असलेले धामणगाव घेण्यात आले. परतवाड्याहून चिखलदऱ्यास जाताना लागणारे धामणगाव गढी ते हेच असे आम्ही समजतो. ७ तारखेस स्टीव्हन्सन डोंगरात शिरला, वेलस्ली स्वतः दक्षिणेकडे राहिला. ७ पासून १२ पर्यंत त्या तुकडीने जे केले त्यास शूरकृत्य हा शब्द लागू पडत नाही, आणि म्हणूनच ते शाळेच्या पुस्तकांत येत नाही. त्यांनी रस्ता केला. आधी रस्ता खणावयाचा, मग त्यावरून लोखंडी तोफा दोरखंडांनी हाताने ओढावयाच्या. दऱ्या उतरावयाच्या, पुन्हा चढावयाच्या. इतके कष्टाचे काम आपण पूर्वी पाहिले नाही, अशा अर्थाचे वेलस्लीने लिहून ठेवले आहे. हे ओढणारे कोण? अधिकारी गोरे, काही पलटणी गोऱ्या. पण मोठा भरणा मद्रासकडच्या शिपायांचा, आणि लष्करामागे चालणाऱ्या त्या असंख्य बिगाऱ्यांचा, ज्यांची नावे कोणत्याच खलित्यात येत नाहीत.

१२ तारखेस तुकडी लबाड्यास पोचली आणि त्याच रात्री तिने उत्तर तटासमोर तोफांचे मोर्चे उभे केले. त्याच रात्री वेलस्लीनेही दक्षिण दरवाजाखालच्या डोंगरावर मोर्चा बांधला. परंतु प्रयत्नांची पराकाष्ठा करूनही लोखंडी तोफा त्या चढावर चढेनात. पितळी चढल्या, त्यांचा परिणाम नाममात्र झाला. जवळच्या वाटेने जे साधले नाही ते तीस मैलांच्या वाटेने साधले. १३ तारखेस सकाळी भडिमार सुरू झाला, १४ च्या रात्री बाहेरील तटास खिंडारे पडली, १५ तारखेस दहाच्या सुमारास हल्ला झाला. आतल्या किल्ल्याचा तट अभंग होता. पण एक जागा शोधून कॅप्टन कँबेलच्या माणसांनी शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला. बेनीसिंग पडला. काही रजपुतांनी मरणापूर्वी आपल्या बायकामुलींची हत्या करण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी थोड्याच मेल्या, बाकीच्या जखमी होऊन उरल्या असे इतिहासकार नोंदतात. ह्या उरलेल्या स्त्रियांचे पुढे काय झाले, कोणत्या गावी त्या म्हाताऱ्या झाल्या, हे विचारण्याची कोणास गरज वाटली नाही. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरास, देवगावचा तह झाला. कटक गेले, वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड गेले. गंमत अशी की गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांकडेच राहिले, ते १८२२ पर्यंत. गड परत मिळाला आणि गडावरून दिसणारा मुलूख गेला.

आम्ही इतकी वर्षे वर्गात सांगत आलो की गाविलगड दोन दिवसांत पडला. तारखा बरोबर आहेत, पण सांगणे चुकीचे. गड पडला तो ७ ते १२ ह्या सहा दिवसांत, तटापासून कोसो दूर, जेथे एकही खिंडार पडत नव्हते. त्या सहा दिवसांच्या वर्णनात श्रम आहेत, लढाई नाही. भरपूर शिबंदी, नव्या बंदुका, ओळखीचे रान. आणि तोफा ओढून घामाघूम झालेली माणसे दरीत सापडलेली. कोणी त्यांस नेटाने अडविले असते तर? इतिहासात 'तर' ला जागा नाही असे आम्हीच विद्यार्थ्यांस बजावतो, म्हणून येथे थांबतो. परंतु तटावर भिस्त ठेवून वाट विसरणे हा दोष बेनीसिंगाचा एकट्याचा म्हणता येत नाही. अडगावनंतर विस्कटलेल्या त्या सत्तेस बाहेरून मदत पाठविण्याचे भान उरले नव्हते, आणि नुकतीच पराभूत होऊन आलेली माणसे भिंतीआडून बाहेर पडण्यास तयार नसतात.

हे लिहिताना आमच्या स्वतःच्या एका पराभवाची आठवण होते, ती सांगितल्यावाचून ह्या लेखाचा प्रामाणिकपणा पुरा होणार नाही. काही वर्षांपूर्वी अशीच सहल आम्ही आखली होती. आखणी आमचीच. आम्ही त्या वेळी भराभर चालत असू, आणि सर्व वेळा स्वतःच्या चालीने मोजल्या. बडनेरा ते अमरावती दहा, तेथून परतवाडा सुमारे पन्नास, पुढे चिखलदरा सुमारे तीस. एकंदर नव्वद किलोमीटर, दोन ठिकाणी गाडी बदलावयाची. बदलात जाणारा वेळ आम्ही शून्य धरला होता. चिखलदऱ्यास पोचेतो ऊन डोक्यावर आले. गड गावापासून दोनएक किलोमीटर. पण शेवटची गाडी चुकू नये म्हणून अर्ध्या धावत जावे लागणार हे उघड होते. मंडळीत आमचे एक वयोवृद्ध स्नेही होते, रेल्वेत जन्म घालविलेले. हजारो गाड्या वेळेवर सोडणाऱ्या त्या माणसाने एकदा घड्याळाकडे पाहिले, एकदा आमच्याकडे, आणि म्हणाले, "तुम्ही या जाऊन. मी सामान सांभाळतो." थांब्यावरच्या बाकावर ते साडेतीन तास पिशव्यांपाशी बसले. आम्ही गड पाहिला, शार्दूल दरवाजावर व्याख्यान दिले, परत आलो. येताना त्यांनी गडाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. पिशव्या मोजून ज्याच्या त्यास दिल्या. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. गड पाहण्याची त्यांस फार वर्षांची हौस होती, हे आम्हांस त्यांच्या घरी समाचारास गेलो तेव्हा कळले.

तेव्हा यंदाचा बेत असा. दिवस १५ डिसेंबरच्या आसपासचा रविवार. तारखेसाठी नव्हे, पाऊस सरलेला, धुके विरलेले, गवत वाळू लागलेले असते म्हणून. मात्र त्या दिवसांत उजेड पावणेअकरा तासांच्या आसपासच असतो आणि पावणेसहाच्या आत सूर्य बुडतो, हे कागदावर सर्वांत वर लिहिले आहे. वेळा उलट्या बाजूने मोजल्या आहेत: आधी चिखलदऱ्याहून सुटणारी शेवटून दुसरी गाडी धरली, शेवटची नव्हे, मग गडावरून निघण्याची वेळ, मग पोचण्याची, आणि सर्वांत शेवटी बडनेऱ्याहून निघण्याची. ती पहाटे पाचची आली. तरुण मंडळींनी कुरकुर केली, पण एस.टी.च्या वेळा ऋतुमानाने बदलतात आणि एकोणीस जणांस एकाच गाडीत जागा मिळेल ह्याची हमी कोणी देत नाही, तेव्हा दोन तुकड्या कराव्यात, पहिलीने पुढे जाऊन परतवाड्यास थांबावे, असे ठरले. परतवाड्याच्या बदलास तास धरला आहे. आगारात आदल्या दिवशी पुन्हा विचारावयाचे.

काही मुलांचा हट्ट वैराटास जाण्याचा होता, कारण ह्या डोंगररांगेतले सर्वांत उंच ठिकाण ते. विराटाची नगरी तेथे होती, भीमाने कीचकास मारून दरीत टाकले म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा, ही लोककथा त्यांस कोणीतरी सांगितली होती. परंतु आसपासचे रान मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाचे. तेथे कोठे व केव्हा जावयाचे हे वनखाते ठरविते, आणि एका दिवसात दोन शिखरे म्हणजे एकही नीट नाही. गाविलगडच सुमारे अकराशे मीटर उंच आहे. अचलपूरच्या सपाटीपासून सातशे मीटर वर. त्यातला बहुतेक चढ घाटात एस.टी.च चढून देते. उरते ते उत्तरेच्या अंगाने, पठारावरून, जवळजवळ सपाट चालणे. स्टीव्हन्सनच्या माणसांस जेथे पोचण्यास सहा दिवस लागले तेथे आपण परतवाड्याहून पहिल्या खेपेच्या गाडीने, फुटाणे खात, पोचतो.

पाणी माणशी दोन लिटर, बडनेऱ्याहूनच. गडावरच्या तळ्यांतले प्यावयाचे नाही. ओझे एकाच्या अंगावर टाकावयाचे नाही. दर तासाने पिशव्या बदलावयाच्या, आणि थांब्यावर सामानापाशी कोणासही ठेवावयाचे नाही, सामान सोबत चालेल. लहान मुलांनी माकडांच्या देखत डबे उघडू नयेत, ही सूचना फराळवाल्यांनी आग्रहाने घातली आहे.

चालण्याची गती ठरविण्याचे काम मात्र आम्ही स्वतः केले. मंडळीतल्या त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई आमच्या दिवंगत स्नेह्यांच्या पत्नी. नाव यादीत घालावे का, हे विचारावयास गेलो तेव्हा त्यांनी "मला जमेल का?" असे विचारले नाही, "किती वाजता निघायचं?" एवढेच विचारले. गेल्या आठवड्यात दोन सायंकाळी त्यांच्याबरोबर स्टेशनच्या रस्त्यावर दोन किलोमीटर चालून पाहिले. एकदा अठ्ठेचाळीस मिनिटे लागली, एकदा बावन्न. मध्ये एकदा पाणी पिण्यास बसलो. कागदावर गावापासून गडापर्यंतच्या चालीपुढे एक तास लिहिला आहे, आणि सर्वांनी त्याच चालीने चालावयाचे आहे. शार्दूल दरवाजापाशी किती थांबावयाचे तो रकाना अजून कोरा आहे. तेथे किती वेळ बोलावयाचे, हे त्यांनाच विचारून भरणार आहोत.